रोजचे १५ किलोमीटर आणि ई-बाइक : रेंज नंतर विचारा, आधी घरचा प्लग बघा

लायसन्स नको, पासिंग नको, पेट्रोल नको. पुण्याच्या कुठल्याही उपनगरात मुख्य रस्त्याने थोडे फिरले, की या तीन ‘नको’चा फलक लावलेले एखादे दुकान दिसते. आत शिरल्यावर पहिला प्रश्न विक्रेताच विचारतो : रोजचे किती किलोमीटर? ग्राहक सांगतो, पंधरा. तरीही त्याच्यासमोर येते ती शंभर-सव्वाशे किलोमीटर रेंजची गाडी. ‘आठवड्यातून एकदाच चार्ज करा’ हे वाक्य ऐकायला बरे वाटते. पण न वापरल्या जाणाऱ्या रेंजचे पैसे ग्राहक पहिल्याच दिवशी मोजतो, हे त्यात येत नाही.

कर्वेनगरमध्ये घर आणि शिवाजीनगरला ऑफिस, असे उदाहरण घेऊ. एका बाजूचे सात-आठ किलोमीटर, म्हणजे रोज साधारण १५. शहरातल्या नोकरदारांपैकी अनेकांचे अंतर याच्याच आसपास असते. इतक्या कमी अंतरासाठी ई-बाइक निवडताना जाहिरातीत सर्वांत ठळक छापलेला आकडा सर्वांत कमी कामाचा ठरतो. कामाचे प्रश्न वेगळे आहेत. ती गाडी कायद्याने ‘वाहन’ आहे की नाही? वाटेतला चढ ती चढेल का? आणि रात्री ती कुठे चार्ज होणार?

आधी बचतीचा हिशेब

पेट्रोल स्कूटर शहरात लिटरला ४५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर आहे, असे धरू. १५ किलोमीटरला साधारण ३५ रुपये लागतात. चांगली इलेक्ट्रिक स्कूटर किलोमीटरला ३० वॉट-अवरच्या आसपास वीज खाते. चार्जरमधली गळती धरून १५ किलोमीटरला अर्धे युनिट. सगळे आकार मिळून युनिटला १२ रुपये पडतात असे मानले, तरी सहा रुपये झाले. रोजची बचत २९ रुपये. महिन्याला २५ दिवस धरले तर सव्वासातशे, वर्षाला साडेआठ हजारांच्या थोडे वर. ऑइल बदलणे, क्लच, प्लग असे खर्च वाचतात ते धरून फार तर दहा हजार.

रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्याची बचत याच हिशेबाने वर्षाला २२ ते २३ हजारांवर जाते. ‘दोन वर्षांत पैसे वसूल’ हे जाहिरातीतले गणित त्याच्यासाठी असते. कमी फिरणाऱ्याची बचतही कमी, हे साधे सत्य दुकानात सहसा कोणी बोलत नाही.

त्यात गेल्या काही वर्षांत दोन्ही बाजूंच्या किमती हलल्या आहेत. केंद्राचे अनुदान जून २०२१ मध्ये बॅटरीच्या दर किलोवॅट-अवरला १५ हजार रुपये होते. जून २०२३ मध्ये ते १० हजार झाले, एप्रिल २०२४ मध्ये पाच हजार आणि एप्रिल २०२५ मध्ये अडीच हजार. दुसरीकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ई-वाहनांवर तो आधीपासूनच पाच टक्के आहे. तीन वर्षांपूर्वी मित्राने केलेला हिशेब आज जसाच्या तसा लागू होत नाही, तो याचमुळे.

याचा अर्थ कमी अंतरासाठी ई-बाइक तोट्याची, असा नाही. फक्त ती स्वस्तात बसली पाहिजे. एकाच कंपनीच्या लहान आणि मोठ्या बॅटरीच्या मॉडेलमध्ये दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत फरक असतो. वर्षाला साडेआठ-दहा हजार वाचणार असतील आणि मोठ्या बॅटरीवर २५ हजार जास्त घातले, तर पहिली अडीच-तीन वर्षे केवळ तो जादा खर्च भरून काढण्यात जातात.

‘ई-बाइक’ म्हणजे नेमके काय?

बोलताना आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींना ई-बाइक म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने त्यांचे दोनच गट पडतात : मोटार वाहन असलेल्या आणि नसलेल्या.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २(यू) नुसार मोटारीची ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ते बॅटरीवरचे वाहन ‘मोटार वाहन’ धरले जात नाही. पॅडल मारताना मोटारीची मदत देणाऱ्या सायकलीही या सवलतीत येतात. त्यांची मोटार वेग वाढेल तशी मदत कमी करत गेली पाहिजे आणि ताशी २५ ला पोचल्यावर, किंवा त्याआधी पॅडल थांबवले तर, पूर्ण बंद झाली पाहिजे. चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हेही त्यात आहे.

लायसन्स, पासिंग, विमा यातले काहीच लागत नाही ते यामुळे. मात्र नियमात एक अट आहे आणि फलकावर ती कधीच नसते. नियम १२६ मध्ये नेमलेल्या चाचणी संस्थेने हे निकष तपासून मान्यता दिलेली असली पाहिजे. पुण्यातली एआरएआय अशीच एक संस्था आहे. मान्यतेचा कागद नसेल, तर मोटारीवर ‘२५० वॉट’चा स्टिकर असल्याने कायद्यापुढे काही सिद्ध होत नाही.

यापेक्षा जास्त शक्ती किंवा वेग असलेली प्रत्येक ई-स्कूटर हे मोटार वाहन आहे. तिला हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत नंबर मिळतो, विमा लागतो, हेल्मेट लागते आणि बिनगिअरच्या दुचाकीचे लायसन्स लागते. घरात पेट्रोल स्कूटर चालवणाऱ्याकडे ते बहुतेक वेळा असतेच. म्हणजे ‘लायसन्स नको’ हा फायदा ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याच्यासाठी शून्य किमतीचा आहे. तरी अनेक जण याच एका वाक्यावर गाडी ठरवतात.

२५० वॉट चढावर काय करतात?

कोथरूडहून डेक्कनकडे जाणारा रस्ता बराचसा सपाट आणि उताराचा आहे. तिथे ताशी २५ ची स्कूटर तक्रार करत नाही. परतीची वाट मात्र चढाची असते. चांदणी चौकाकडे, कात्रजच्या बाजूला किंवा पाषाण-सूसच्या टेकड्यांमध्ये राहणाऱ्यांसाठी खरी परीक्षा संध्याकाळी होते.

हा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राने होतो. ७० किलोचा माणूस आणि ८० किलोची स्कूटर, मिळून १५० किलो. रस्ता दर शंभर मीटरला पाच मीटर चढतो. गुरुत्वाकर्षण आणि टायरचे घर्षण यांच्यावर मात करायला ९० न्यूटनच्या आसपास बल लागते. २५० वॉटच्या मोटारीतून चाकापर्यंत २०० वॉट पोचले, तर वेग निघतो ताशी आठ किलोमीटर. मागे कोणी बसले, तर साडेपाच-सहा. चालणाऱ्या माणसापेक्षा थोडाच जास्त.

प्रत्यक्षात बहुतेक मोटारी थोडा वेळ यापेक्षा जास्त जोर लावू शकतात. नियमात ‘३० मिनिटांची शक्ती’ म्हटले आहे, म्हणजे मोटार अर्धा तास सलग देऊ शकेल इतकी. त्यामुळे उड्डाणपुलाचा छोटा चढ निभावून जातो. लांब चढावर मोटार आणि कंट्रोलर तापतात, गाडी मंदावते आणि मागून येणाऱ्या पीएमपीच्या हॉर्नकडे लक्ष देत कडेने जावे लागते. वेगाच्या या फरकातला धोका कागदावर दिसत नाही. मोकळ्या रस्त्यावर बाकीची वाहतूक ताशी ५० ने जात असताना मधल्या लेनमध्ये २५ ने जाणे सुरक्षित नाही.

याच मोटारीची सायकल मात्र वेगळी वागते. २२ किलोची ई-सायकल आणि तोच ७० किलोचा माणूस, एकूण वजन ९२ किलो. पायांनी फार दम न लावता दिलेले ७५ वॉट मोटारीच्या २०० वॉटमध्ये मिळाले, की त्याच चढावर वेग ताशी पंधराच्या आसपास राहतो. सारख्या शक्तीच्या मोटारीवर सायकल स्कूटरच्या जवळजवळ दुप्पट वेगाने चढते, कारण ती ६० किलो लोखंड आणि प्लास्टिक सोबत वाहत नाही. कमी वेगाच्या गटात सायकल ही मुळात त्या नियमासाठी घडलेली वस्तू आहे. स्कूटर मात्र नियमात बसवण्यासाठी दाबून लहान केलेली असते.

‘लॉक काढून देतो’

चढाची तक्रार घेऊन ग्राहक दुकानात परत गेला, की उत्तर तयार असते. एक वायर काढली किंवा कंट्रोलर बदलला, की गाडी ४०-४५ ने पळते. काही ठिकाणी हे विक्रीच्या वेळीच सुचवले जाते. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी अशा बेकायदा बदल केलेल्या ई-बाइकवर कारवाईचे आदेश आरटीओंना दिले होते.

लॉक काढले त्या क्षणी ती गाडी सवलतीच्या बाहेर जाते आणि मोटार वाहन बनते : नोंदणी नसलेले, विमा नसलेले आणि अनेकदा लायसन्स नसलेल्या हातातले. मोटार वाहन कायद्यात विनानोंदणी वाहनाला पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत, विनालायसन्स चालवण्याला पाच हजार आणि विमा नसण्याला पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

दंड त्या मानाने किरकोळ म्हणावा असा पुढचा भाग आहे. अशा गाडीने कोणाला धडक दिली आणि दुखापत झाली, तर भरपाई द्यायला विमा कंपनी नसते. ती रक्कम मालकाच्या खिशातून जाते, आणि अपघात भरपाईचे दावे लाखांत असतात. गाडी दहावी-बारावीतल्या मुलाला क्लासला जायला दिलेली असेल, तर कायद्याचे कलम १९९ए आणखी कडक आहे. अल्पवयीनाने मोटार वाहनाचा गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. ‘लायसन्स नको’ म्हणून मुलांसाठी गाडी घेणाऱ्या घरांनी ती गाडी कुठल्या अवस्थेत आहे, हे स्वतः चालवून बघायला हवे. मोकळ्या रस्त्यावर मोबाइलच्या जीपीएसवर वेग ३५ दाखवत असेल, तर मुलाच्या हातात किल्ली देण्याआधी थांबलेले बरे.

विमा न लागणाऱ्या, नियमात बसणाऱ्या गाडीलाही अपघात होतोच. तिच्यासाठी निदान स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा असावा. आणि सक्ती नाही म्हणून हेल्मेट घरी ठेवू नये. ताशी २५ ने डोके दुभाजकावर आपटले तर काय होते, ते सांगायला नियम लागत नाही.

प्लग कुठे आहे?

पुण्या-मुंबईत ई-बाइकची निवड बहुतेकदा या एका प्रश्नावर अडते, आणि तो विचारला जातो सर्वांत शेवटी. बंगला असेल किंवा स्वतःच्या मीटरवरचा प्लग पार्किंगमध्ये असेल, तर विषय मिटला. कुठलीही गाडी घ्या. जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर आणि खाली सामाईक पार्किंग असेल, तर अर्धा बाजार आपोआप बाद होतो.

बजाज चेतक, टीव्हीएस आयक्यूब, एथर ४५० या लोकप्रिय स्कूटरच्या बॅटऱ्या गाडीतच बसवलेल्या असतात. त्या काढून घरी नेता येत नाहीत. हिरोच्या विडा मालिकेत त्या काढता येतात. होंडाच्या अॅक्टिव्हा ई मध्येही काढता येतात, पण घरी चार्ज करायला नव्हे, तर बदली केंद्रावर देऊन दुसऱ्या घ्यायला. असे केंद्र रोजच्या वाटेवर नसेल, तर ती गाडी कितीही आवडली तरी उपयोग नाही.

‘काढता येते’ या शब्दांचाही अर्थ नीट लावावा. स्कूटरची दोन किलोवॅट-अवरच्या आसपासची लिथियम बॅटरी दहा-बारा किलो भरते. पाठीवर लॅपटॉप, एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात ही बॅटरी घेऊन तीन मजले चढणे पहिल्या महिन्यात उत्साहाने होते. ई-सायकलची बॅटरी साधारण अडीच-तीन किलोची. ती सॅकमध्येही मावते.

सोसायटीत पार्किंगपर्यंत स्वतःच्या मीटरवरून वायर आणायची असेल, तर केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना कामी येतात. घरच्या किंवा कार्यालयाच्या सध्याच्याच वीजजोडणीवर वाहन चार्ज करता येते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तरीही समितीशी आधी बोलून, लेखी परवानगी घेऊन, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून काम करून घेतलेले बरे. गाडी दारात आल्यावर सुरू झालेला वाद वर्षभर चालतो. सामाईक मीटरवर गुपचूप चार्जिंग हा तर सोसायटीच्या सभेला आयता विषय.

प्लग १५ अँपिअरचा, अर्थिंग असलेला हवा. एक्स्टेन्शन बोर्डवर रात्रभर चार्जर लावून ठेवू नये. आणि जागेबद्दल एक गोष्ट आवर्जून : जिन्याखाली किंवा घराच्या दाराशी चार्जिंग नको. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला एका हॉटेलच्या इमारतीतील ई-स्कूटरच्या शोरूमला आग लागली, धूर जिन्याने वर गेला आणि आठ जणांचा जीव गेला. बॅटरी पेटण्याचे प्रकार विरळ असतात. पण पेटलीच, तर ती बाहेर पडण्याच्या वाटेवर नसावी.

बॅटरीच्या कागदावर काय वाचायचे?

दुकानदार ‘६० व्होल्ट, ३० एएच’ असे सांगतो. दोन्हींचा गुणाकार करा : १८०० वॉट-अवर, म्हणजे १.८ किलोवॅट-अवर, म्हणजे वीजबिलातली १.८ युनिट. त्याला ३० ने भागा, ६० किलोमीटर. इतक्या बॅटरीवर कोणी १२० किलोमीटरची रेंज सांगत असेल, तर तो आकडा सपाट रस्त्यावर, एकट्या हलक्या माणसाने, सावकाश चालवलेल्या गाडीचा असणार.

पंधरा किलोमीटरवाल्याला किती पुरेल? २.२ किलोवॅट-अवरची बॅटरी धरा. त्याच हिशेबाने ७३ किलोमीटर. काही वर्षांनी तिची क्षमता ८० टक्क्यांवर आली आणि पाचवा हिस्सा नेहमी शिल्लक ठेवला, तरी ४५ च्या वर किलोमीटर मिळतात. म्हणजे बॅटरी म्हातारी झाल्यावरही तीन दिवसांतून एकदा चार्जिंग. याहून मोठी बॅटरी घेण्याचे कारण रोजचे ऑफिस नसून सिंहगडाचा रविवार असतो. त्यासाठी घरातली जुनी पेट्रोल स्कूटर अजून चालू असेल, तर तिला राहू द्यावे.

स्वस्त गाड्यांत ‘ग्राफीन’ बॅटरी असे लिहिलेले दिसले, की एक प्रश्न विचारावा : लिथियम की लेड-अॅसिड? त्या नावाने विकली जाणारी बॅटरी बहुतेक वेळा लेड-अॅसिडच असते, इन्व्हर्टरच्या बॅटरीची बहीण. ती जड असते, दीड-दोन वर्षांत दमते आणि पूर्ण रिकामी करत राहिल्यास त्याआधीच. स्वस्त पडते ती फक्त पहिल्या दिवशी. लिथियममध्ये एलएफपी प्रकार थोडा जड पण उष्णता आणि चार्जिंगच्या फेऱ्या जास्त सोसणारा, तर एनएमसी हलका. रोजच्या छोट्या अंतराला दोन्ही चालतात.

नोंदणी होणाऱ्या दुचाकींच्या बॅटरीला २०२२ च्या आगींनंतर एआयएस-१५६ हे कडक केलेले मानक डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्याआधीची सेकंडहँड गाडी स्वस्तात मिळत असेल, तर तिची बॅटरी कधीची आहे हे तारखेसह बघावे. पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या वाटेवर बॅटरी आणि मोटारीचे ‘आयपी ६७’ रेटिंग महत्त्वाचे. आणि भिजून आल्यावर लगेच चार्जर लावायचा नाही, आधी गाडी निथळू द्यायची. उन्हाळ्यात तापलेल्या बॅटरीलाही अर्धा तास विसावा द्यावा.

मग कोणी काय घ्यावे?

एका बाजूचे अंतर पाच-सहा किलोमीटरच्या आत, डबलसीट लागत नाही आणि घर वरच्या मजल्यावर : अशा माणसाने ई-सायकलचा विचार आधी करावा. तीस-चाळीस हजारांत चांगली मिळते, बॅटरी घरात जाते आणि मोटार बिघडली तरी पॅडल मारत घर गाठता येते. चोरीची भीती खरी आहे, चांगले कुलूप आणि ऑफिसमधली जागा आधी पक्की हवी. उन्हाळ्यात घाम येतो, तेही खरे.

वाटेत मोठे चढ असतील, मुलाला शाळेत सोडायचे असेल किंवा महामार्गाचा सर्व्हिस रस्ता ओलांडायचा असेल, तर नोंदणी होणारी, लहान बॅटरीची स्कूटर. पाटी, विमा, लायसन्स या कटकटी नसून ते संरक्षण आहे. महाराष्ट्रात ई-दुचाकीला मोटार वाहन करातून सूट असल्याने नोंदणीचा खर्च पेट्रोल गाडीपेक्षा कमीच येतो.

या दोन्हींच्या मधली, विनानोंदणी कमी वेगाची स्कूटर कोणासाठी? सपाट भागात, कॉलनीतल्या रस्त्यांवर दोन-तीन किलोमीटर जाणाऱ्या, सायकल न झेपणाऱ्या ज्येष्ठांसाठी ती चांगली आहे. कर्वे रस्त्यावरून रोज ऑफिसला जाण्यासाठी नाही. दुर्दैवाने सर्वाधिक विकायचा प्रयत्न होतो तो त्याच ग्राहकाला.

दुकानात गेल्यावर

टेस्ट राइड शोरूमच्या गल्लीत न घेता आपल्या वाटेवरच्या सर्वांत वाईट चढावर मागावी, शक्यतो मागे कोणाला तरी बसवून, बॅटरी अर्धी उतरलेली असताना. पूर्ण चार्ज बॅटरीवर प्रत्येक गाडी चांगलीच पळते. बॅटरी काढता येणारी असेल, तर ती स्वतः उचलून बघावी. कमी वेगाची गाडी असेल तर चाचणी संस्थेच्या मान्यतेची प्रत मागावी आणि त्यावरचे मॉडेलचे नाव गाडीशी जुळते का, ते तिथेच पडताळावे.

वॉरंटी तीन वर्षांपासून आठ वर्षांपर्यंत वेगवेगळी असते. वर्षांसोबत किलोमीटरची मर्यादा आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळणार, हे दोन आकडे लिहून घ्यावेत. नव्या बॅटरीची आजची किंमत विचारावी. तिचे उत्तर फोन करून विचारावे लागत असेल, तर सुट्या भागांची अवस्थाही तशीच असणार. सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब आहे, हे नकाशावर बघावे : बंद पडलेली ई-स्कूटर कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे ढकलत नेऊन उपयोग नसतो. आणि बिलावर मोटार, बॅटरी व चार्जर या तिन्हींचे क्रमांक छापून घ्यावेत. वॉरंटीचा दावा करताना पहिल्यांदा तेच मागितले जातात.